हिच्या आवाजातली पोरं

ही गेल्यापासून मी हिचा आवाज ऐकला नव्हता. फोनमध्ये हिचे निरोप होते, लेकीच्या लग्नाची फिल्म होती, पण मी काहीच लावलं नाही. फोटो समोर आला तर नजर वळवता येते. आवाजाचं तसं नाही. तो कानात शिरला की शिरला.

त्यामुळे आमच्या सिनेमा क्लबचा सेक्रेटरी दुकानात येऊन म्हणाला, "काका, बाईंचा एक सिनेमा शिल्लक आहे. अख्खा, त्यांच्या आवाजात," तेव्हा माझ्या हातातली काच चाकावरून निसटली आणि तिचा काठ उडाला. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत मी काचा घासतो. पुढे मालक लोकांचे डोळे तपासतो, मागे मी काचा फ्रेमच्या मापाच्या करतो. सेक्रेटरी एरवी विमा विकतो, त्यामुळे त्याला थांबून राहायची सवय आहे. मी काच बाजूला ठेवेपर्यंत तो थांबला.

"कुठला सिनेमा?" मी विचारलं.

"तो इंग्रजांच्या शाळेतल्या पोरांचा. जुना. काळा-पांढरा."

आमचा क्लब म्हणजे वाचनालयाच्या वरचा हॉल. लोखंडी खुर्च्या, खिडक्यांना काळे पडदे आणि रविवारी दुपारी एक जुना परदेशी सिनेमा. खाली येणारी अक्षरं इतकी बारीक असायची की सिनेमा बघायचा की अक्षरं वाचायची, असा आमच्या वयाच्या माणसांना प्रश्न पडायचा. तो सोडवायला ही बसायची. पडद्याच्या बाजूला उंच स्टूल, हातात माईक. पडद्यावर जो कोणी बोलेल त्याचं बोलणं ही मराठीत बोलायची. नवरा, बायको, पोलीस, चोर, आजारी म्हातारी, सगळे हीच. एकदा पडद्यावर कुत्रा भुंकला तर ओघात ही पण भुंकली आणि हॉल इतका हसला की मशीन थांबवावं लागलं. सगळे हिला बाई म्हणायचे. नवीन माणूस जिन्यात विचारायचा, "आज सिनेमा कुठला?" जुना माणूस विचारायचा, "बाई आहेत ना?"

मग हिचा दम पुरेना. स्टुलावर बसून अख्खा सिनेमा बोलणं जमेना. सेक्रेटरीने एक छोटा रेकॉर्डर आणून दिला. घरी लॅपटॉपवर सिनेमा लावायचा, रेकॉर्डर समोर ठेवायचा आणि बोलत जायचं. एकच अट त्याने घातली होती. "बाई, एकदा सुरू केलं की बंद करायचं नाही. खोकला येऊ दे, दार वाजू दे, काही होऊ दे. मधे बंद केलंत की ओठ एकीकडे आणि आवाज एकीकडे. मग माझ्याच्याने जुळत नाही."

हिने तसाच एक सिनेमा बोलून दिला. तो लावायच्या आधीच हिला दवाखान्यात न्यावं लागलं. पुढे कोणाला त्याची आठवण राहिली नाही.

"तू ऐकलंस?" मी सेक्रेटरीला विचारलं.

"सुरुवात लावून बघितली. ओठ जुळतायत. पुढचं नाही ऐकलं." तो माझ्या टेबलावरच्या काचेच्या भुशात बोटाने रेघा मारत होता. "एकट्याला ऐकवेना, काका. म्हटलं सगळ्यांबरोबर ऐकू. तुम्ही या. पण मनाला लावून घेणार असाल तर राहू दे."

मी म्हटलं, येतो.

मला काय हवं होतं ते सांगतो. शेवटच्या दिवसांत ही बोललीच नव्हती. बोलायला श्वास लागतो आणि तो हिच्याकडे नव्हता. "पाणी." "उशी." "पुरे." एवढंच. शेवटचा शब्द कुठला हेही मला नक्की माहीत नाही, कारण तो शेवटचा आहे हे तेव्हा कळलं नाही. बहुतेक "पुरे" असावा. इतकी वर्षं सोबत राहून माझ्या वाट्याला "पुरे" आलं. मला त्यावर दुसरं काहीतरी हवं होतं. हिचा चांगला, भरलेला आवाज कानात घ्यायचा आणि घरी यायचं, एवढंच मी मनात धरलं होतं.

लेकीला हे पटलं नाही.

"बाबा, कशाला उगाच? आत्ता कुठे दोन घास नीट जेवायला लागलायत."

"सिनेमाच बघायचाय."

"तुम्ही सिनेमा बघायला चाललाय होय? मग मीही येते."

"तुला कुठे आवडतात ते जुने सिनेमे?"

"नाहीच आवडत. तुम्ही खुर्चीवरून खाली आलात तर उचलायला कोणीतरी हवं ना."

हॉल भरलेला होता. दोन-दोन वर्षं न फिरकलेली माणसंही आली होती. स्टूल जिथे असायचं तिथे कोणीतरी ते ठेवलं होतं. मी सेक्रेटरीला म्हटलं, ते उचल. त्याने उचललं. पहिल्या रांगेत मोठे सर होते. एका निवासी शाळेचे हेडमास्तर म्हणून ते निवृत्त झाले. त्यांची खुर्ची कधी चुकायची नाही आणि हिच्या मराठीचं ते तोंडभर कौतुक करायचे. आमच्या पुढच्या रांगेत टेलरमास्तर आणि त्यांच्या शेजारी सिस्टर, म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई. हे दोघं नेहमी शेजारी बसतात आणि नेहमी भांडतात.

पडदे ओढले. दिवे गेले. पडद्यावर दगडी इमारत आली, लांबच लांब गवत आणि ट्रंका ओढत चाललेली पोरं.

"चला, चला. ट्रंका वर न्या. जिन्यात धावायचं नाही."

ही बोलली.

लेकीने माझा हात पकडला. मला वाटलं होतं रडू येईल. तसं झालं नाही. घरात कोणीतरी आतल्या खोलीत आहे आणि आपण बाहेर बसलोय, तसं वाटलं. मी पाठ टेकली. आवाज थोडा घोगरा होता, पण हिचाच. शब्द तोडून, शेवटचं अक्षर न गिळता बोलायची, तसाच.

हॉलही सैलावला. टेलरमास्तर नेहमीसारखे सुरू झाले. "कॉलर बघा पोरांच्या. असली ताठ कॉलर शिवली तर मान खाली जाणारच नाही. मग मास्तरांपुढे वाकायचं कसं?"

"गप्प बसा हो," सिस्टर म्हणाल्या. "बाई बोलतायत."

सिनेमा असा होता. मोठ्या वर्गातल्या पोरांचे बूट लहान पोरांनी पुसायचे. सकाळी गार पाण्याने अंघोळ. प्रार्थनेला उभं राहायचं, हलायचं नाही. त्यात तीन पोरं होती, एक उंच, एक चष्मेवाला आणि एक सारखा हसणारा. हसू आवरत नाही म्हणून त्यांना शिक्षा व्हायची. शिक्षा झाली की ती आणखी हसायची. आम्हीही हसत होतो. हिने त्या हसऱ्या पोराला असा आवाज दिला होता की तो नुसता "हो सर" म्हणाला तरी मागच्या रांगेपर्यंत खसखस पिकायची.

मग छड्यांचा प्रसंग आला. हेडमास्तरांची खोली. तिघं बाहेर रांगेत उभे. एकेक जण आत जायचा, दार लागायचं. आतलं काही दाखवत नव्हते. फक्त आवाज. बाहेरचे दोघं तो आवाज ऐकत भिंतीकडे बघत होते. ही गप्प होती, कारण बोलायला काही नव्हतं. सर्वांत शेवटी हसरा आत गेला आणि या वेळी कॅमेरा त्याच्याबरोबर आत गेला. छड्या खाऊन पोरगं सरळ झालं, शर्ट खोचला, हेडमास्तरांपुढे आलं. त्या शाळांतली रीतच होती म्हणे तशी. मार खाल्ला की मारणाऱ्याशी हात मिळवायचा आणि आभार मानायचे. पोराने हात पुढे केला आणि हिने म्हटलं,

"उपकार झाले, सर."

हॉल फुटला. टेलरमास्तरांनी मांडीवर थाप मारली. मागून कोणीतरी शिट्टी वाजवली. लेकही हसली. मला मात्र हसता आलं नाही.

हे शब्द आमच्या घरातले होते. एखादं काम तिसऱ्यांदा सांगितल्यावर मी केलं की ही कमरेवर हात ठेवून म्हणायची, "उपकार झाले." दिवा बदलला, उपकार झाले. लेकीला स्टेशनवरून आणलं, उपकार झाले. मी हसायचो, ही पण हसायची. निदान मला तसं आठवतं. आमच्यातली गंमत होती ती. पण आता पडद्यावरच्या पोराचे डोळे मला दिसत होते. तोंड हसरं होतं, डोळे नव्हते. आणि हिचा आवाज त्या तोंडाशी नाही, त्या डोळ्यांशी जुळला होता.

"थांबवा," मोठे सर उठून उभे राहिले. "दिवे लावा."

सेक्रेटरीने सिनेमा थांबवला. पोराचा हात पडद्यावर तसाच पुढे राहिला.

"हे चूक आहे," सर म्हणाले. "मुलगा थँक यू म्हणाला. मागे हळू इंग्रजी चालू आहे, मी नीट ऐकलं. साधं थँक यू. त्याचं मराठी 'आभारी आहे, सर' असं होतं. बाईंनी स्वतःच्या मनाचं घातलं."

"अहो सर," टेलरमास्तर म्हणाले, "मार खाऊन कोण आभारी असतो?"

"असतात. माझ्या शाळेत असायची मुलं. आजही भेटतात, पाया पडतात. सर, तुम्ही मारलंत म्हणून माणसात आलो, म्हणतात. हे काय खोटं बोलतात?"

"मी हॉस्टेलवर शिकले, सर," सिस्टर म्हणाल्या. त्या एरवी टेलरमास्तरांशी सोडून कोणाशी वाद घालत नाहीत. "आमच्याकडेही असंच होतं. शिक्षा झाली की थँक यू मॅडम म्हणायचं. नाही म्हटलं तर पुन्हा पहिल्यापासून."

"माझ्याकडे तसं नव्हतं."

"नसेल."

"नव्हतंच!"

"मी नसेलच म्हणतेय, सर."

कोणीतरी हसलं. सरांचा चेहरा लाल झाला. "हसण्यासारखं काय आहे यात? बाईंनी थट्टा केलीय. माझ्यासारख्या माणसांची थट्टा आहे ही. त्या असत्या तर मी तोंडावर बोललो असतो." मग ते माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा. तुमच्या मिसेस होत्या. ही थट्टा आहे की नाही?"

सगळ्या माना माझ्याकडे. लेक कुजबुजली, "बाबा, आपण जाऊ या का?"

थट्टा आहे म्हणालो असतो तर सर दुखावले असते. थट्टा नाही म्हणालो असतो, तर घरातल्या त्या सगळ्या "उपकार झाले"चं काय करायचं, हा प्रश्न माझ्यापुढे आला असता. तो आलाच होता.

"मला आजवर थट्टाच वाटत होती, सर," मी म्हटलं. "आता सांगता येत नाही."

सरांना हे उत्तर कळलं नसावं. ते सेक्रेटरीला म्हणाले, "हे बघ, मला सिनेमा बंद पाडायचा नाही. पण मूळ आवाजात लाव. बाईंचा आवाज बंद कर. करता येतो ना?"

"येतो," सेक्रेटरी म्हणाला. "दोन्ही वेगळे आहेत. पण..."

"मग लाव. ज्यांना इंग्रजी कळतं ते ऐकतील, नाही कळत ते बघतील."

"नाही," मी म्हणालो.

मी क्लबात कधी मोठ्याने बोललो नव्हतो. बोलायचं काम हिचं होतं. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

"मी सिनेमा बघायला आलो नाही, सर. तुम्हाला सगळ्यांना ते माहीत आहे. हिचा आवाज बंद करणार असाल तर पडदे उघडा आणि घरी जा सगळे."

मला वाटलं, सर निघून जातील. काठी त्यांनी उचललीही. मग ती पुन्हा खुर्चीला टेकवली आणि बसले. "लाव," सेक्रेटरीला म्हणाले. "बाईंच्याच आवाजात लाव."

पुढचा सिनेमा कोणी फारसं हसलं नाही. पोरंही बदलली. ती आता कमी बोलायची. शाळेच्या मागे लाकडाची वखार होती, तिथे जाऊन बसायची. हिचाही आवाज दमत चालला होता. वाक्याच्या मध्ये श्वास घ्यायची, एकदोनदा खोकली, पण अट पाळून पुढे जात राहिली. मला आता गोष्टीत रस नव्हता आणि होताही. प्रत्येक वाक्य मी दोनदा ऐकत होतो. एकदा पोराचं म्हणून, एकदा हिचं म्हणून. पोरगं म्हणायचं, "मला इथे राहायचं नाही," आणि मी दचकायचो. मग म्हणायचो, अरे, हे पोराचं आहे. लिहिणाऱ्याने लिहिलंय, हिने फक्त सांगितलं. मग म्हणायचो, उपकार झालेही असंच होतं ना? ते कुठे कोणी लिहिलं होतं?

लेक कानाशी म्हणाली, "बरं वाटतंय ना?"

"हो," मी म्हटलं.

शेवट असा. बक्षीस समारंभ. शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये बाकीची पोरं, पालक, पाहुणे, टोप्या घातलेल्या बायका. हेडमास्तर भाषण करतायत. तिघं पोरं एकेक दार बाहेरून लावून घेतात. जड अडसर सरकवतात. मग वखार पेटवतात आणि घंटेच्या मनोऱ्यावर चढून घंटा वाजवत राहतात. बराच वेळ कोणीच काही बोलत नाही. नुसता धूर, घंटा आणि पोरांचे चेहरे. ती हसतायत की रडतायत, ते लांबून नीट दिसत नाही.

हिला बोलायला काही नव्हतं. पण रेकॉर्डर सुरू होता. त्यामुळे त्या घंटेच्या मागे आमच्या घरातली खोली ऐकू येत होती. पंख्याची कुरकुर. खाली कोणाच्या तरी स्कूटरचा आवाज. मग दार उघडल्याचा आवाज आला आणि मी बोललो.

"अगं, मिठाची बरणी कुठे ठेवलीस?"

तो मी होतो. हॉलच्या दोन्ही स्पीकरमधून. क्षणभर मला कळेना की मी आत्ता बोललो की काय. मला ती दुपार आठवत नाही. अजूनही आठवत नाही.

ही काही बोलली नाही.

"ऐकतेस का? मिठाची बरणी. मोठी."

घंटा वाजत होती. पडद्यावर धूर शाळेच्या हॉलच्या खिडकीपर्यंत आला होता. मागच्या रांगेत कोणीतरी खुदकन हसलं आणि लगेच थांबलं.

"अगं..."

"थोडा वेळ मला एकटीला सोड रे," ही म्हणाली. मोठ्याने नाही. हिच्याकडे तेवढा दम नव्हता. "एवढंच मागते. आयुष्यभर नुसतं कुठे आहे, कुठे आहे. जा. दार लाव."

दार लागल्याचा आवाज आला. हळू लावलं होतं मी. तेवढं कळलं.

मग बराच वेळ फक्त हिचा श्वास. पडद्यावर आतली माणसं दारांवर धडका देऊ लागली. टोपीवाल्या बायका, पाहुणे आणि सर्वांत पुढे हेडमास्तर. ते ओरडत होते आणि हिला ते बोलायचं होतं. ओरडणं तर शक्य नव्हतं. म्हणून हिने ते साध्या, दमलेल्या आवाजात म्हटलं.

"दार उघडा. कोण आहे बाहेर? दार उघडा."

पडदा काळा झाला. दारं उघडली की नाही ते दाखवलंच नाही.

दिवे लागल्यावर कोणी उठलं नाही. एरवी सिनेमा संपला की खुर्च्या खरखरतात, कोणी बिस्किटांच्या डब्याकडे जातं. त्या दिवशी सगळे पडद्याकडेच बघत बसले. मग टेलरमास्तरांनी घसा साफ केला.

"उघडली असतील हो दारं. पोरंच होती. खुनी नव्हती."

"नसतील उघडली," सिस्टर म्हणाल्या.

"काय बोलता सिस्टर? लहान मुलं पण होती आत."

"असू देत. मी असते तर उघडली नसती. आज उघडली असती. तेव्हा नसती."

"मला वाटतं ते सगळं त्या पोराच्या मनातलं होतं," मागून कोणीतरी म्हणालं. "खरं काही झालंच नाही. छड्या खाऊन झोपला आणि पडल्या पडल्या हा विचार केला."

"मग सिनेमा कशाला काढला?"

"तेच तर."

सगळे दाराबद्दल बोलत होते. माझ्याबद्दल कोणाला बोलायचं नव्हतं, म्हणून दाराबद्दल जरा जास्तच बोलत होते. मला त्यांचे आभार मानायला हवे होते.

लोक हळूहळू उतरले. मोठे सर मात्र माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत येऊन बसले. बराच वेळ काठीच्या मुठीवर हात फिरवत होते.

"तुम्हाला वाईट वाटलं असेल," ते म्हणाले.

"तुम्हालाही."

"हं." मग म्हणाले, "मी मघापासून एकेकाला आठवतोय. माझ्यापुढे उभा राहून कोण कसं म्हणायचा. चेहरे आठवतात. म्हणण्याची ढब आठवत नाही. ऐकलीच नसेल मी." ते उठले. "बाईंचं मराठी चांगलं होतं. ते मी मघाशी बोललो ते..."

"असू दे, सर."

"नाही, असू दे कसं," ते म्हणाले आणि जिना उतरून गेले.

सेक्रेटरी वायर गुंडाळत होता. गुंडाळलेलीच वायर सोडून पुन्हा गुंडाळत होता. शेवटी आला.

"काका, माझीच चूक. आधी शेवटपर्यंत ऐकायला हवं होतं. मीच सांगितलं होतं ना बाईंना, बंद करू नका म्हणून. आता तेवढं काढून टाकतो. त्या वेळी पडद्यावर कोणी बोलत नाहीये, नुसती घंटा आहे. कुठे जोड आहे ते कळणारही नाही."

"काढा," लेक म्हणाली. तिचे डोळे लाल होते आणि ती चिडली होती. माझ्यावर, आईवर की सेक्रेटरीवर, ते तिलाही माहीत नसावं. "आणि काढल्यावर त्याची एक कॉपी बाबांना द्या. तेवढं सोडून बाकीचं किती छान बोललीय आई."

"काढायचं नाही," मी म्हणालो.

"बाबा!"

"काढायचं नाही म्हणतोय ना."

"अहो, ती वैतागलीय त्यात. आजारी होती, दम लागला होता, म्हणून बोलून गेली. आई अशी नव्हती."

"असेल. थोडी तशीही असेल. तू तुझ्या घरी होतीस." हे मला इतक्या तुटकपणे म्हणायचं नव्हतं. "मी काय केलं होतं ते मला अजून कळलेलं नाही. मीठ मागितलं. आता विचारायला ती नाही. चिडावं म्हटलं तर समोर कोण आहे?"

लेकीने पर्समधून रुमाल काढला आणि तसाच पुन्हा आत टाकला.

"हे बघ," मी तिला म्हटलं, "अख्ख्या सिनेमात ही बोलली. पोरांचं बोलली, मास्तरांचं बोलली, त्या टोपीवाल्या बायकांचं बोलली. त्यात हिचं स्वतःचं काय आहे? तेवढंच आहे. ते माझ्याशी बोलली. तेच काढून टाकलं तर मला पोरांचा सिनेमा घरी नेऊन काय करायचाय?"

"आणि लोक हसले तर? पुढच्या वेळी लावला तर?"

"हसू देत."

"तुम्हाला चालेल?"

"नाही चालणार," मी म्हटलं. "तरी काढायचं नाही."

सेक्रेटरी वायर हातात धरून उभा होता. मी त्याला म्हटलं, मशीन अजून लागेल का. तो म्हणाला, लागेल की. मी म्हटलं, पडदे ओढू नको, दिवेही राहू देत, चित्र नाही दिसलं तरी चालेल. लेक हातातली पर्स खुर्चीवर ठेवून माझ्या शेजारी बसली. हात तिने धरला नाही.

"कुठून लावू, काका?" सेक्रेटरीने विचारलं.

"मी दार उघडून आत येतो," मी म्हटलं, "तिथून."